गप्प बसायची परीक्षा

आमच्या ह्यांना गप्प बसता येत नाही, हे मला लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला गेलो तेव्हाच कळलं. वाटेत एका म्हाताऱ्याने पत्ता विचारला. विचारला कसला, तो नुसता हातातल्या कागदाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत उभा होता. झालं! हे गेले त्याला पोचवायला, आणि मी तिकिटं धरून थिएटरच्या पायरीवर. मध्यंतर झालं तेव्हा स्वारी उगवली. वर मलाच सांगतात, "अगं, त्याला उजवं-डावं कळेना." मी म्हटलं, मला कळतंय, मी घरी चालले.

नोकरीही त्यांना नेमकी तशीच मिळाली. बसस्थानकावर चौकशीची खिडकी. काचेला गोल भोक, आत हे. कुठली गाडी कुठे लागते, शेवटची कधी सुटते, ती चुकली तर दुसरी कुठून धरायची, दिवसभर हेच. स्थानकावर सगळे त्यांना 'चौकशी'च म्हणायचे. "चौकशी, चहा घेणार का?" घरी आले तरी तोंड चालूच. मी मशीनवर पँटची खालची घडी मारत असायची आणि हे मला कुठल्या आजीबाईला कुठल्या गाडीत बसवलं ते सांगत असायचे. बाहेरच्या खोलीत माझं कपडे आल्टर करायचं दुकान आहे. गिऱ्हाइकालाही सोडायचे नाहीत. माणूस शर्टाची बाही कमी करायला यायचा आणि तीन गाड्यांच्या वेळा ऐकून जायचा.

मग स्थानकावर मोठे पडदे लागले, वेबसाईट आली आणि खिडकीला फळी ठोकली. ह्यांना आधी सामानाच्या खोलीत बसवलं, मग घरी. काही दिवस माणूस नुसता खिडकीशी बसून रस्ता बघायचा. कोणी पत्ता विचारील म्हणून वाट बघत असावेत. माझा जीव तुटायचा, पण गोड बोलायला गेले असते तर मलाच रडू आलं असतं, म्हणून मी करवादायची, "जरा हलवा ते बूड."

एक दिवस म्हणाले, "मी शिकायला जातोय."

"काय शिकायला?"

"वेबसाईट. म्हणजे ती लोकांना वापरायला सोपी कशी करायची, ते. ज्याने माझी खिडकी बंद केली ते प्रकरण आहे तरी काय, बघू दे की."

माझी नणंद फोनवर हसून हसून बेजार. "वहिनी, दादाला दप्तर घेऊन दे गं! डबा दे!" वर्गात सगळी पोरं विशी-बाविशीची. ह्यांना काका म्हणायची. शिकवणाऱ्या बाई आमच्या भाचीच्या वयाच्या. पण हे गेले. पहिल्या बाकावर बसले आणि पहिल्या दिवशी घरी आले ते बोलतच.

आता सगळ्या घराला त्या शिक्षणाचा ताप. पंख्याचं बटण दाबलं आणि दिवा लागला की हे थांबणार. "बघ, ह्या बटणाची आणि पंख्याची ओळखच नाही. कुठलं कशाचं ते बघून कळायला हवं." मी म्हणायची, इतकी वर्षं तेच दाबताय ना, मग ओळख करून घ्या. दुकानाच्या दाराला मूठ होती ती ओढायची की ढकलायची यावर एक दिवस गेला. शेवटी मूठ काढून तिथे पत्रा बसवला, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून गिऱ्हाईक दाराशी झटापट करायचं थांबलं. ते मी ह्यांना बोलून दाखवलं नाही. डोक्यावर बसले असते.

एक गोष्ट मात्र मला आवडली. म्हणाले, "बाई सांगतात, माणूस पानावर चुकला तर चूक माणसाची नाही, पानाची. माणूस चुकणारच असं धरून चालायचं आणि त्याला मागे फिरायला वाट ठेवायची." मी सुई थांबवली. माझी चूक नाही असं ह्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी बोललं होतं.

पुढे आला तो गप्प बसायचा धडा. पान सोपं झालं की नाही हे कसं कळणार? तर एखाद्या माणसाला समोर बसवायचं, एक काम द्यायचं, आणि तो काय करतो ते बघत बसायचं. तो मनात येईल ते मोठ्याने बोलणार. आपण बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. मानसुद्धा हलवायची नाही. त्याने विचारलं, "हे दाबू का?" तर म्हणायचं, "तुम्हाला काय वाटतं?" बस्स, तेवढंच. सांगून टाकलं तर पानाची चूक झाकली जाते.

आता मला सांगा, ह्या माणसाला हे जमायचं कसं? पहिल्या चाचणीत ह्यांनी समोरच्या पोराला काम सांगितलं आणि त्याच श्वासात उत्तरही देऊन टाकलं. दुसऱ्या वेळी तोंड मिटलं, पण हात आपोआप पडद्याकडे गेला. बाई म्हणाल्या, "काका, शेवटच्या परीक्षेत चाचणी तुम्हालाच घ्यायची आहे. तुम्ही बोललात तर मी पास करू शकणार नाही." हे घरी आले ते तोंड एवढंसं करून. म्हणाले, "आयुष्यभर ज्याचा पगार घेतला, तेच करायचं नाही म्हणे."

मग घरात सराव सुरू झाला. मी विचारायची, "अहो, चहात अजून साखर घालू का?" हे म्हणायचे, "तुला काय वाटतं?" कपाळ माझं! "दार लावू का?" "तुला काय वाटतं?" "तुमच्या डोक्यात हा चमचा घालू का?" तरी चेहरा कोरा. हळूहळू जमायला लागलं. इतकं जमलं की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

ह्याच दिवसांत माझ्या डोळ्याचं निघालं.

एका गिऱ्हाइकाच्या पँटची शिलाई मारली आणि बघते तर मधे वाकडी. उसवली. परत मारली. परत मधेच नागमोडी. मशीनला शिव्या घातल्या, सुई बदलली, तेल घातलं. पुन्हा उसवायला बसले तर हे आले आणि शिलाईवर पट्टी ठेवली. म्हणाले, "अगं, सरळ आहे की." मी पट्टीकडे बघितलं. पट्टीपण वाकडी होती.

माझा डावा डोळा लहानपणापासून नावालाच. जे काय शिवते, ओवते, मापते ते उजव्यावर. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध बारीक भोक पडलंय. शस्त्रक्रिया केली तर भरून येईल, पण लवकर करा. भोक मोठं होत गेलं तर मधलं दिसणार नाही. मी विचारलं, मधलं म्हणजे? ते म्हणाले, "समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतील, चेहरा दिसणार नाही." मी मनातल्या मनात सुईचं नाक डोळ्यांसमोर आणलं.

शहरात ती शस्त्रक्रिया करणारं एकच सरकारी हॉस्पिटल, आणि तारखा सगळ्या वेबसाईटवर. ह्यांनी त्यांच्या लॅपटॉपवर बसून, शिव्या देत, माझी तारीख मिळवली. सोमवार, सकाळची पहिली. त्यांची ती शिवीगाळ मी पहिल्यांदाच ऐकली. म्हणाले, "हे पान कोणी केलंय? तारीख नक्की करायचं बटण पार तळाशी, जाहिरातीच्या खाली. माणसाला कळणार कसं?" आणि तिथेच ठरवलं की परीक्षेसाठी हेच पान घ्यायचं. तसंच दुसरं बनवायचं, सोपं करून.

झपाटल्यासारखे बसले. रंग तोच ठेवला, अक्षर तेच, वरचं हॉस्पिटलचं चित्र तेच. का, तर लोकांना ज्याची सवय आहे ते उगाच मोडायचं नाही, असं बाईंनी शिकवलेलं. फक्त बटणं जागेवर आणली. आधी वर एक पिवळी पट्टी होती, 'सराव' असं लिहिलेली. तीही नंतर काढून टाकली. मी विचारलं, का हो? म्हणाले, "खोटं आहे हे कळलं की माणूस खोटा वागतो. बिनधास्त काहीही दाबतो. खरं वाटलं पाहिजे." एवढा अभ्यास केला होता माणसाने.

तो शुक्रवार होता. माझी शस्त्रक्रिया तीन रात्रींवर, त्यांची परीक्षा त्याच्याही पुढे. दुपारी मला लॅपटॉपसमोर बसवलं. एक डोळा नावाचा, दुसऱ्यात सगळ्या रेघा वाकड्या. "तुझ्यासारखा माणूस शोधूनही मिळणार नाही," म्हणाले. बघा कौतुक! स्वतः मागे खुर्ची टाकून बसले.

पहिलं काम सांगितलं, तारीख शोधा. शोधली. दुसरं सांगितलं, तारीख घ्या. घेतली. मधे फोन आला, बाईंचा होता. त्यांना कसलं तरी माप हवं होतं. ह्यांनी वाकून हॉस्पिटलचं मूळ पान उघडून बघितलं, माप सांगितलं, फोन ठेवला आणि म्हणाले, "हं, आता तिसरं. समजा तुम्हाला त्या दिवशी जमणार नाही. तारीख रद्द करा."

मी मोठ्याने बोलत होते, तसंच बोलायचं असतं. "आता मी इथे जाते. माझी तारीख, सोमवार. बाई गं, हे बटण कुठे गेलं, मघाशी वर होतं. हां, सापडलं, खाली आहे. रद्द करा. आता विचारतंय, नक्की ना? लाल बटण." माझा हात थांबला. काय वाटलं कोणास ठाऊक, मी मान वळवून विचारलं, "अहो, दाबू ना?"

मागून एक श्वास ऐकू आला, तोंड उघडल्याचा. मग ह्यांचा आवाज आला.

"तुला काय वाटतं?"

मी दाबलं.

आणि माझ्या फोनवर मेसेज आला. टिंग. सरावाच्या पानावरून मेसेज येत नसतो. बाईंच्या फोनच्या वेळी उघडलेलं खरं पान तसंच समोर राहिलं होतं.

मी फोन उचलला तोवर हे उभे राहिले होते. चेहरा पांढराफटक. मेसेजमध्ये लिहिलं होतं, तुमची सोमवारची शस्त्रक्रिया रद्द करण्यात आली आहे. मी परत वाचलं. मग ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "मागे घ्या! मागे फिरायची वाट ठेवायची असते ना? कुठाय ती वाट?"

"ह्या पानावर नाही," ते म्हणाले. "माझ्या पानावर आहे."

मी शेजारची कात्री उचलून आपटली आणि चप्पल घातली.

हॉस्पिटलात तारखांच्या काउंटरवर पाटी होती, 'ऑनलाईनचे प्रश्न येथे विचारू नयेत'. आम्ही रांग लावून तेच विचारलं. आतल्या बाईंनी आधी पाटीकडे बोट केलं. मग माझा चेहरा बघून की काय, कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. म्हणाल्या, "तुमची जागा सुटली की आपोआप यादीतल्या पुढच्या पेशंटला मेसेज जातो. तो गेलाय. त्यांनी पाचपर्यंत वेबसाईटवर होकार दिला तर तारीख त्यांची."

"आणि नाही दिला तर?"

"तर ती माझ्याकडे परत येते. मग मी हाताने तुमचं नाव घालते. बसा तिथे."

"आणि त्यांनी दिला तर मला पुढची कधीची?"

त्यांनी बघून सांगितलं. पावसाळा उलटून जाणार होता. डॉक्टर लवकर म्हणाले होते.

भिंतीवर घड्याळ होतं. त्याच्याखाली खुर्च्यांच्या रांगा होत्या, लोखंडी, एकमेकींना जोडलेल्या. आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि मी अंग चोरून घेतलं. ह्यांचा खांदासुद्धा मला नको होता.

तेच आधी बोलले. "माझ्या लक्षात आलं होतं."

"काय?"

"तू बटण खाली आहे म्हणालीस ना, तेव्हाच. माझ्या पानावर ते वर आहे. मी ओरडणारच होतो. तू वळून विचारलंस, मी तोंड उघडलं, आणि..." त्यांनी हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. "आणि तेच वाक्य बाहेर पडलं. पाठ झालंय गं."

बोलले असते तर सगळा हॉल गोळा झाला असता. संताप असा होता की कानशिलं तापली होती. आणि खरं सांगू का, त्या संतापाच्या खाली मी प्रार्थना करत होते. तो जो कोणी पुढचा पेशंट आहे, त्याला ते बटण सापडू नये. ते पान इतकं भिकार आहे, ते आणखी भिकार असावं. त्याचा फोन बंद पडावा. त्याची मुलं परगावी असावीत. असलं सगळं मनात येत होतं आणि मला जराही लाज वाटत नव्हती. डोळा माझा होता.

घड्याळाचा काटा मला वाकलेला दिसायचा, त्यामुळे मी सारखी ह्यांना विचारायची, "किती झाले?" ते लगेच सांगायचे. तेव्हा मात्र 'तुला काय वाटतं' नाही.

साडेचार वाजून गेले असतील. एक माणूस पलीकडच्या खुर्चीवर येऊन बसला. वॉचमनचा गणवेश, टोपी काखेत, उन्हातून चालत आल्यासारखा घामेघूम. काउंटरवरून आला होता. पाटी दाखवून परत पाठवला असणार. फोन डोळ्यांना चिकटवून बघत होता, एकदा ह्या डोळ्याला, एकदा त्या. बोट वर न्यायचा, खाली न्यायचा, पान भलतीकडेच जायचं. जाहिरात उघडायची. तो "च्यायला" म्हणायचा, मग आमच्याकडे बघून जीभ चावायचा.

आमच्या ह्यांच्या मांडीवर लॅपटॉप होता. येताना तसाच उचलून आणला होता. तो बघून वॉचमन सरकला.

"साहेब, तुम्हाला ह्यातलं कळतं का हो? मघाशी हॉस्पिटलचा मेसेज आला. सोमवारी सकाळची पहिली तारीख मोकळी झालीय म्हणतात, हवी असली तर होकार द्या. पण द्यायचा कुठे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

वॉचमन बोलतच होता. "कधीपासून खटपट करतोय. पोरगी असती तर तिने केलं असतं, ती कामावर. मला रात्रपाळीला गेटवर गाड्यांचे नंबर वाचता येत नाहीत. एकदा साहेबांच्याच गाडीला आत सोडलं नाही." तो हसला. "पुढच्या महिन्यात कंपनीची तपासणी आहे. डोळ्यात नापास झालो तर घरी. म्हणून म्हटलं, प्रत्यक्ष जाऊन विचारावं. तर इथे पाटी."

त्याने फोन ह्यांच्या समोर धरला. पान मला पाठ होतं. वर हॉस्पिटलचं चित्र, मग तारीख, मग ती चष्म्याची जाहिरात. बटण जाहिरातीच्या खाली. पान एकदा वर सरकवलं की संपलं.

"इथे दाबू का, साहेब?" त्याचं बोट जाहिरातीवर होतं.

आमचे हे, ज्यांनी माझा अर्धा सिनेमा एका म्हाताऱ्यासाठी बुडवला, ते त्या बोटाकडे बघत बसले. चेहरा कोरा. हात गुडघ्यांत. मान हलली नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले.

वॉचमन गोंधळला. "मला? मला काय वाटायचंय? मला कळत नाही म्हणून तर विचारलं." तो ओशाळला आणि त्याने फोन मागे घेतला. त्याला वाटलं, शिकलेला माणूस आहे, चेष्टा करतोय.

ह्यांनी खाली बघितलं. त्यांची हनुवटी थरथरत होती. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर काढली, मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. खिडकीला फळी ठोकली तेव्हासुद्धा नाही. हा माणूस माझ्यासाठी गप्प बसला होता. दुपारी चुकून, आणि आता ठरवून. माझा डोळा ते अशा रीतीने परत मिळवणार होते. पाच वाजतील, तारीख काउंटरवर येईल, माझं नाव लागेल, आणि मग आम्ही दोघं त्या वॉचमनच्या शेजारून उठून घरी जाऊ. मला आत्ता तो माणूस नकोसा झाला होता, आणि हेही नकोसे झाले होते, आणि सगळ्यात जास्त ते वाक्य.

घड्याळ नीट दिसत नव्हतं. मी विचारलंही नाही.

"अहो," मी म्हटलं, "सांगा की त्यांना."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मला त्यांचा चेहरा मधे जरा वाकडा दिसत होता, पण दिसत होता.

"अगं, पण..."

"सांगा म्हणते ना! का आता मी सांगू?"

ते वॉचमनकडे वळले. आवाज तोच होता, काचेच्या गोल भोकातून यायचा तो. "दादा, ती जाहिरात आहे, तिला हात लावू नका. बोटाने पान वर सरकवा. अजून. अजून थोडं. हां. आता हिरवं दिसतंय? तेच. निवांत दाबा, घाई नाही."

त्याने दाबलं. टिंग झालं.

वॉचमनने ह्यांचे दोन्ही हात धरले. मलाही हात जोडले. "वहिनी, तुमचे लई उपकार. तुमचं कशाचं आहे? तुम्हाला मिळाली का तारीख?"

"मिळेल," मी म्हटलं आणि उठले. "चला आता. उशीर झाला."

रस्त्याने मी पुढे, हे मागे. घरी आलो. दार लावलं आणि मग इतकी भांडले, इतकी भांडले की शेजारीण बघून गेली. त्या पिवळ्या पट्टीवरून भांडले, बाईंवरून भांडले, सिनेमावरूनसुद्धा भांडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी दमले आणि रडले. तेव्हा जवळ येऊन बसले, तेही रडले.

परीक्षेला ते गेले. जाताना पानावर ती पिवळी पट्टी परत लावली होती. चाचणीला एक म्हाताऱ्याशा बाई बसवल्या होत्या. त्या एका ठिकाणी अडकल्या, आणि त्यांनी विचारलं, "दाबू का?" हे म्हणे पटकन म्हणाले, "नका दाबू, थांबा." शिकवणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. घडलं ते सगळं ह्यांनी मग वर्गासमोर सांगितलं, स्वतःच, कोणी विचारलं नसताना. बाईंनी त्यांना पास केलं की नाही, ते मी सांगत नाही. ह्यांनाही आता त्याचं काही वाटत नाही. हे सकाळचे बसस्थानकाच्या त्या पडद्याखाली टेबल टाकून लोकांना गाड्या सांगत बसतात, कोणी बसवलेलं नसताना. वॉचमन आणि त्याची पोरगी एकदा तिथे भेटले. म्हणाली, बाबा तपासणीत पास झाले.

माझी शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर झाली. त्यानंतर कितीतरी दिवस पालथं झोपून राहायचं असतं, मान खाली, डोळा जमिनीकडे. उठायचं नाही, वर बघायचं नाही. हे फरशीवर बसायचे, भिंतीला टेकून. "उजव्या हाताला कप आहे. जरा पुढे. हां, कान धर. गरम आहे." दिवसभर बोलायचे. बाहेर कोण आलं, दुकानासमोर कोण थबकलं, कोणाची बाही अजून शिवायची आहे. मी म्हणायची, जरा गप्प बसा हो. पण ते थांबले की मीच विचारायची, पुढे काय झालं.

डोळ्याची पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांनी चौकटींचा कागद समोर धरला. रेघा सरळ होत्या. बऱ्याचशा. अगदी मधे एका ठिकाणी एक बाक राहिला होता, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. डॉक्टर म्हणाले, भोक भरलंय, चेहरे दिसतील, सुई ओवता येईल. एवढा बाक मात्र राहणार आता.

मी शिवते. बाक येतो तिथे कापडाखाली बोट ठेवते आणि बोटावर विश्वास ठेवून पुढे जाते.

पण त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत एक प्रश्न आमच्या दोघांच्याही ओठांवर होता. सोमवारीच झालं असतं तर हा बाक राहिला असता का? डॉक्टर समोरच बसले होते. त्यांनी सांगितलं असतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. सगळा जन्म चौकशीच्या खिडकीत काढलेला माणूस, त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मीही विचारलं नाही. आम्ही डॉक्टरांचे आभार मानले, चपला घातल्या, आणि बस कुठून मिळेल ते हे मला सांगायला लागले.